फ्लॅट पेडलवरून पाय सटकतो – एमटीबीसाठी (डोंगरवाटांच्या सायकलीसाठी) बूट कोणते घ्यावेत?

घाटवाट (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. काही महिन्यांपूर्वी हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली सायकल) घेतली, विद्यापीठाच्या मागं लेणीकडं आणि गोगाबाबा टेकडीच्या अंगानं ज्या मुरमाड पायवाटा आहेत तिथं सकाळी फिरवतो, रविवारी जमलं तर म्हैसमाळ. चढाला काही त्रास नाही, उतारावर मात्र दगडावरून मागचं चाक उडालं की पाय पेडलवरून सटकतो आणि पेडल गर्रकन फिरून नडगीवर बसतं. आई म्हणते कुणासोबत मारामारी करून येतो का रे. सध्या पायात रनिंगचे शूज आहेत, जाळीदार, जाड फोमवाले. पेडल सायकलसोबत आलेलेच आहेत, प्लास्टिकचे. बजेट चार-पाच हजार, ताणून सहा. क्लिपवाले (ज्यात बूट पेडलला अडकवतात ते) नको, पाय अडकून पडायची भीती वाटते. ट्रेकिंगचे शूज घेतले तर ट्रेक पण होईल आणि सायकल पण, असं डोक्यात आहे. दुकानदार म्हणतो स्पोर्ट शूज सगळे सेमच असतात. खरंच का?

लातूरची चेन

सेम नसतात, पण एवढं डोकं खायची पण गरज नाही भाऊ. मी बॅडमिंटनचे गम सोलवाले वापरायलोय, कोर्टवर चालतात ते, तळ सपाट, रबर मऊ, दीड-दोन हजारात काम होतंय. परदेशी बूट घालून औशाच्या रस्त्यावर कोणाला दाखवायलाव?

एसपीडीवाला (जालना)

क्लिप लावा, विषय संपला. पाय सटकायचा प्रश्नच येत नाही.

बालाघाटी (बीड)

जालनेकर, पोरगं क्लिप नको म्हणतंय, त्याला ती विकायची कशाला. आणि पाय पेडलला बांधला म्हणजे पाय ठेवायला शिकला असं नसतंय. सॅम हिल नावाचा ऑस्ट्रेलियन गडी २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज (एमटीबीच्या उताराच्या शर्यतींची जागतिक मालिका) जिंकला, त्याच्या आधी डाउनहिलची जगज्जेतेपदं, सगळी फ्लॅट पेडलवर, समोर निम्म्याच्या वर माणसं क्लिपवाली. तेव्हा फ्लॅट म्हणजे नवशिक्याचं असं काही नाही.

आता घाटवाट, तुला सांगतो. बूट एकटा पकडत नसतो, बूट आणि पेडलवर उभी असते ती बारीक पिन मिळून पकडतात. सायकलसोबत आलेल्या प्लास्टिक पेडलला बहुतेक नुसते दाणे असतील, धातूच्या पिना नसतील. त्याच्यावर भारीतला भारी बूट घालून उभा राहिलास तरी पाय ओला झाला की सटकणारच. म्हणून पैशाची वाटणी करताना आधी पेडल. नायलॉनची बॉडी आणि स्टीलच्या पिना असलेलं घे, अलॉयच पाहिजे असा हट्ट नको, उलट आपल्या काळ्या दगडावर नायलॉन घासून पुढं सरकतं, अलॉय कधी कधी अडकून झटका देतं. लांबी-रुंदी १०० मिलिमीटरच्या आसपास, मधे थोडं खोलगट असलं तर तळवा त्यात बसतो. पिना बदलता येणाऱ्या असाव्यात, आणि जमलं तर मागच्या बाजूनं ॲलन की लागणाऱ्या, कारण दगडावर आपटून पिनेचं तोंड चेचलं तरी मागून ती काढता येते. समोरून पाना लागणारी चेचली की गेली.

मग बूट. फ्लॅटच्या बुटाचा तळ बराचसा सपाट असतो, त्यावर ठिपके नाहीतर षटकोनी नाहीतर वॅफल अशी उथळ नक्षी. पिन मऊ रबरात रुतते आणि रबर तिच्याभोवती बसतं, सगळी गंमत एवढ्यातच आहे. ट्रेकिंगच्या बुटाच्या तळाला रबराच्या उंच गोट्या असतात, सह्याद्रीत घसाऱ्यावर त्या पाहिजेतच, पण पेडलवर बूट त्या गोट्यांच्या टोकांवर उभा राहतो, काही पिना फटीत जाऊन लोंबकळतात, काही गोटीच्या कडेला लागतात. म्हणजे एक तर पकड मिळत नाही नाहीतर पाय असा काही अडकतो की अर्धा इंच सरकवायचा म्हटलं तरी पूर्ण उचलावा लागतो. वर ट्रेकिंगचं रबर झिजू नये म्हणून कडक ठेवलेलं असतं. दोन्ही कामं एकाच बुटात करायला जाशील तर सायकलचं काम बिघडेल.

रनिंगच्या शूजचं तर उलटंच. फोम एवढा जाड की पेडल कुठंय हे पायाला कळतच नाही, गादीवर उभं राहून तोल सांभाळल्यासारखं होतं. टाच चवड्यापेक्षा उंच असते, आणि उतारावर तर आपल्याला टाच खाली सोडायची असते. टाच खाली सोडली की धक्का पायाला पेडलमध्ये दाबतो, टाच वर राहिली की तोच धक्का पाय पेडलवरून उडवतो. तुझं सटकायचं अर्धं कारण इथं असणार, म्हणून बूट यायच्या आधी हे करून बघ: उतारावर चवड्याच्या जरा मागचा भाग पेडलच्या आसावर ठेव, गुडघे थोडे मोडलेले, टाचा खाली. फुकटात फरक पडतो.

घाटवाट

काका एवढं कोणीच सांगितलं नव्हतं, थँक यू. टाच खाली उद्याच करून बघतो. पण मऊ रबर म्हणजे किती मऊ? दुकानात कसं ओळखायचं, सगळे सोल काळेच दिसतात.

दगडचढ्या (छत्रपती संभाजीनगर)

हा आपला प्रांत, मी क्लाइंबिंगकडून इकडं आलोय. रबराचा मऊपणा शोअर ए स्केलवर मोजतात, आकडा जेवढा कमी तेवढं रबर मऊ. पण मऊपणाच्याच बरोबरीनं दुसरी गोष्ट असते ती म्हणजे रबर दबल्यावर किती हळू परत येतं. जे झटकन उसळतं ते धक्का बसला की पिनेवरून उडी मारतं, जे सुस्तपणे परत येतं ते चिकटून राहतं. फाइव्ह टेनचं जे स्टेल्थ रबर सगळे नावाजतात ते मुळात खडकचढाईच्या बुटासाठी बनवलेलं. कंपनी चार्ल्स कोल नावाच्या क्लाइंबरनं १९८५ ला काढली, नाव पण अमेरिकन चढाईच्या श्रेणीवरून, ५.१०. सायकलवाल्यांनी ते रबर नंतर उचललं आणि २०११ मध्ये अडिडासनं कंपनीच विकत घेतली. आता स्पेशलाइज्डचं स्लिपनॉट आहे, राइड कॉन्सेप्ट्स आहे, शिमानोची जीआर मालिका आहे, म्हणजे एकट्या फाइव्ह टेनवर अडून बसायचं कारण नाही.

दुकानात ओळखायचं असं, तळाला अंगठ्याचं नख दाबायचं. नख बसलं आणि खूण हळूहळू भरून आली तर काम होईल. नख घसरलं तर तो सोल नुसता पायी चालण्यासाठीचा, पेडलचा नाही. मग बूट दोन्ही हातात धरून वाकवून बघ. चवड्यापाशी वाकला पाहिजे. तळव्याच्या मधोमध कागदासारखा दुमडला तर दोन तासांत तळवा दुखणार कारण पेडल कमानीत रुतत राहतं. अजिबातच वाकला नाही तरी बाद, असा बूट पेडलला धरून बसत नाही, त्याच्यावर टेकून राहतो फक्त. आणि दुकानाच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवून उभा राहा, कड पायाला नुसती जाणवली पाहिजे, टोचायला नको. दुकानदार बघत राहील, राहू दे.

मऊ रबर लवकर झिजतं हे पण सांगून ठेवतो. चवड्याखाली पिनांच्या जागी हळूहळू खड्डे पडतात. पकड पाहिजे तर झीज पण घ्यावी लागते, कोणती कंपनी त्यातून सुटत नाही.

लातूरची चेन

म्हणजे माझं गम सोल नखाच्या परीक्षेत पास झालं की 😄 मग कशाला पंधरा हजाराच्या गप्पा करायलाव सगळे?

दगडचढ्या

नखाच्या परीक्षेत पास, वाकवायच्या परीक्षेत नापास. बॅडमिंटनचा बूट लाकडी कोर्टावर पळायला हलका आणि लवचिक केलेला असतो. सोल पातळ, स्टीलची पिन लागली की गम कुरतडला जातो, आणि बोटांपुढं काहीच नाही. हर्सूलच्या बाजूला दगड उडून बोटावर बसला की कळतं. एमटीबीच्या बुटाला पुढं कडक टोपी असते ती उगाच नसते. रोडवर, शेतरस्त्यावर तुमचं बरोबर आहे हो, खडकाळ उतारावर नाही.

लातूरची चेन

आमच्याकडं एवढा उतारच नाही ना. सपाट मुलूख आमचा, वारं तेवढं समोरून. ज्याचा रस्ता जसा तसा बूट घ्यावा एवढंच म्हणणं आहे. आणि बूट कोणता पण घ्या, नवाकोरा असतानाच मोचीकाकाकडं नेऊन सोलच्या कडेनं चौफेर शिलाई मारून घ्या, त्याच्यावर थोडं सोल्युशन. एप्रिल-मेच्या उन्हात चिकटवलेले सोल सुटतात, ब्रँडेड असो की नसो, गोंद शेवटी गोंदच. शिलाईला शेवटी शंभर-दोनशे लागतील.

बालाघाटी

ही शिलाईची गोष्ट लाखाची बोललास लेका. फक्त काकांना सांगायचं दाभण सोलच्या कडेला घाला, तळाच्या सपाट भागात नको. तळाला दोरा आला की पिना तो दोराच आधी तोडतात.

काटेकुसळ (धाराशिव)

सगळे दादालोक रबरावर बोलले, कापडावर कोणीच बोललं नाही 🙂 मी येडशी रामलिंगच्या बाजूला आणि नळदुर्गाकडं चालवते. पावसाळा संपला की गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात, जाळीचे शूज असले की कुसळ जाळीतून मोज्यात, मोज्यातून कातडीत, आणि ते आत जायला बनलंय, बाहेर काढताना मोडतं. घरी येऊन चिमट्यानं एकेक उपसत बसायचं. म्हणून मला तरी पुढून आणि बाजूनं सलग कापड किंवा सिंथेटिक लेदर असलेला बूट बरा वाटतो, हवेसाठी वर जिभेच्या बाजूला बारीक भोकं असली तरी पुरे. ऊन लागतं, मान्य आहे, पण उन्हाळ्यात आपण तसंही नऊच्या आत घरी येतो.

बाभळीचा काटा वेगळा विषय. वाटेवर झाडं छाटून टाकलेली असतात, त्यावर पाय टेकला तर पातळ सोलमधून सरळ आत. सोल थोडा जाड पाहिजे तो याच्यासाठी पण. (टायरचं काय ते दुसऱ्या धाग्यावर बोलू, सराट्यानं माझं दिवाळं काढलंय.)

आणि बायकांच्या मापाचा प्रश्न आहेच. एमटीबीचे बूट आपल्याकडं येतात ते बहुतेक सात नंबरच्या पुढं, मला पाच लागतो. मी काय करते, संध्याकाळी, पाय दिवसभर चालून थोडे सुजलेले असताना, राइडचे मोजे घालून भिंतीला टाच लावून कागदावर पाय आखते, लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजते आणि बुटाच्या जिभेवरच्या लेबलवर सेंटीमीटरचा जो आकडा असतो तो बघते. यूके, युरो, यूएस प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामानानं सेंटीमीटर कमी फसवतं. बोटांपुढं साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, टाच मात्र आत हलायला नको. टाच हलली की चढाला बूट पेडलवर आणि पाय बुटाबाहेर.

गोदाकाठ (नांदेड)

ताई कुसळांचं एकदम खरं. पावसाळ्याचं विचारायचं होतं, आमच्याकडं काळी माती, जून-जुलैत काय करलालाव तुम्ही लोक? माझ्या पेडलच्या पिना चिखलात बुजून जातात, मग कसला पण बूट घाला.

बालाघाटी

काळ्या रानात पाऊस पडला की त्या दिवशी सायकल काढायचीच नाही, दुसरा उपाय नाही. दोन-चार फेऱ्यात चाक आणि फोर्कच्या मधे माती भरती आणि चाक जाम, सायकल खांद्यावर घेऊन परत यायची वेळ. पावसाळ्यात मुरमाच्या, दगडाच्या वाटा धरायच्या, बालाघाटावर पाणी निथळून जातं. तिथं चिखल लागलाच तर पेडल मधून मोकळं पाहिजे, आरपार भोकं मोठी, म्हणजे पायानं दाबलं की माती खाली पडते. चढायच्या आधी बुटाचा तळ दगडाला घासायचा आणि पेडलवर दोनदा आपटायचा, ही सवय लावून घे. ढकलत न्यायची वेळ येते म्हणून चांगल्या बुटाला पुढं बोटाखाली आणि टाचेला थोडी खोल नक्षी देतात आणि मधला भाग सपाट ठेवतात, दुकानात हे बघावं.

घरी आल्यावर नळाखाली धरून ओली काळी माती रगडत बसू नको, ती अजून पसरते. वाळू दे, मग दोन्ही बूट एकमेकांवर आपट, ढेकळं पडतील, उरलेलं ब्रशनं. आतली गादी काढून वेगळी वाळव, बुटात पेपरचे बोळे कोंब आणि सावलीत ठेव. मशीनमध्ये नाही, उन्हात नाही, गच्चीवरच्या पत्र्यावर तर अजिबात नाही.

एसपीडीवाला (जालना)

मस्करी बाजूला ठेवून एक सांगतो, नाडी. क्लिपवाल्या बुटात पट्टा नाहीतर गोल फिरवायची खुंटी असते, फ्लॅटवाले बहुतेक नाडीचे. उजव्या पायाच्या नाडीचं टोक चेनरिंगमध्ये (पुढच्या दातेरी चाकात) गेलं की पेडल जिथं असेल तिथं अडकतं आणि तुम्ही आडवे. चांगल्या बुटाला जिभेवर इलॅस्टिकचा पट्टा असतो, नाडी त्याखाली खोचायची. नसला तर गाठ बाहेरच्या बाजूला घेऊन टोकं आडव्या नाडीत खोचा. एवढं तरी माझं ऐका.

काटेकुसळ

हे बरोबर बोललात दादा. क्लिपचं मात्र नाही ऐकणार 😛

घाटवाट

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. टाच खाली सोडून बघितलं आज, लेणीच्या खालच्या उतारावर, फरक आहे, एकदा सटकला पाय पण आधीएवढा उडाला नाही. आता हिशोब असा करतोय की नायलॉनचं पिनवालं पेडल आधी घ्यायचं, ते बजेटच्या निम्म्यात बसेल, आणि उरलेल्यात बूट. खरा एमटीबीचा बूट त्या पैशात बसत नाहीये. मग स्केटबोर्डचे घेतले तर? त्यांचा पण तळ सपाट असतो ना.

दगडचढ्या

चालतील, फ्लॅटवाल्यांची पिढीच्या पिढी स्केटच्या बुटावर शिकली. पण दोन प्रकार असतात ते बघून घे. एक पातळ सोल कापडाला भट्टीत भाजून चिकटवलेला, सपाट कॅनव्हासवाला, तो फार लवचिक, पिना तळव्याला टोचतात. दुसरा कपसारखा सोल, वरचा भाग त्या कपात बसवून कडेनं शिवलेला, तो जाड आणि जरा ताठ, तो घे. म्हणजे मोचीकाकांचं काम कंपनीनंच केलेलं असतं. वर लेदर नाहीतर स्वेड बघ, कुसळासाठी. कडक टोपी मिळणार नाही, तेवढं सांभाळून. आणि जाड तळाच्या फॅशनवाल्या चंकी स्नीकरच्या नादी लागू नको, दिसायला सपाट असतात पण आत फोमच असतो.

घोट्याचं राहिलंच. क्रँक (पेडल बसतं तो दांडा) आतून घोट्याच्या हाडावर लागत असेल तर काही एमटीबी बूट आतल्या बाजूनं थोडे उंच येतात. स्केटमध्ये पण जरा उंच कॉलरचे मिळतात. तुला लागत नसेल तर सोड.

लातूरची चेन

म्हणजे शेवटी स्वस्तातच आलाव की सगळे 😂

बालाघाटी

स्वस्त आणि कामाचं यात फरक असतोय बाबा. पोरानं आधी पेडलला पैसे घातले, म्हणून हे जमायलंय. आणि नडगीला पॅड घे, फुटबॉलवाले लावतात तसले. नवीन पिना तुझ्या प्लास्टिकच्या दाण्यासारख्या मायाळू नसतात, सुरुवातीला त्या एकदा तरी नडगीची चव घेणार. सहा महिन्यांनी, वर्षांनी पैसे साठले की खरा बूट घे, तोवर आपल्याला नक्की काय टोचतंय ते तुला पण कळलेलं असेल. मला विचारशील तर मऊ रबर पहिलं, ताठपणा दुसरा, पुढची टोपी तिसरी, रंग सगळ्यात शेवटी. लोक उलट्या क्रमानं घेतात.

घाटवाट

पेडल आलं मंडळी. पण जुनं निघेना. उजवं निघालं, डावं पेडल पान्यावर उभा राहिलो तरी हलत नाही. गंजलं असेल का? शेजारचे म्हणतात हातोडी मार.

बालाघाटी

हातोडी खाली ठेव आधी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तू ते आणखी आवळायलास. पाना पेडलच्या बोल्टवर वर तोंड करून लाव आणि मागच्या चाकाकडं ओढ, दोन्ही बाजूंना हाच नियम, मागं ओढलं की सुटतं, पुढं ओढलं की बसतं. साधारण १५ चा पाना लागतो, नाहीतर क्रँकच्या आतून ६ किंवा ८ ची ॲलन की. आवळलेलं असेल तर आट्याच्या फटीत थोडं तेल सोडून रात्रभर ठेव. चेन पुढच्या मोठ्या दात्यावर घेऊन मग जोर लाव, हात सटकला तर बोटं दात्यांवर जाणार नाहीत. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लाव, आणि पहिले दोन-तीन वळसे हातानंच फिरव, आडवं घुसलं तर क्रँकचे आटे जातात आणि मग क्रँक बदलावा लागतो.

घाटवाट

निघालं काका!! मागं ओढलं आणि एका झटक्यात. शेजाऱ्यांना सांगतो. नवीन पण बसवलं ग्रीस लावून. उजव्या पेडलवर R आणि डाव्यावर L लिहिलेलं असतं ते आत्ता दिसलं.

गोदाकाठ

पेडल कोणतं घेतलं त्याचा फोटो टाका की, पिना किती उंच आहेत ते बघायचंय.